संगीताला धर्म असतो : अमेरिकन कॉयर ऐकताना

गेल्या रमजानमध्ये माझ्या हातून एक घोळ झाला. इफ्तार आटोपून, इशाच्या अजानला अवकाश होता म्हणून मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघत बसलो होतो. तो एका मित्राला पाठवायला गेलो आणि तो गेला थेट आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. साठ-सत्तर माणसांचा ग्रुप. एरवी त्यावर सहरीच्या वेळा, कुणाच्या तरी निकाहचं कार्ड आणि गुडघेदुखीवरचे उपाय एवढंच येतं. त्या व्हिडिओत काळ्या कपड्यांतली चाळीसेक अमेरिकन मुलं-मुली उभी राहून गात होती. वाद्य एकही नाही. जवळजवळ सगळ्या गाण्यात शब्दही एकच, ‘आलेलुया’.

पाच मिनिटांत बडेभाईंचा मेसेज आला, ‘ये चर्च का है. रमजान में तो रहने दे.’ मी माफी मागितली आणि व्हिडिओ काढून टाकला. मग ज्याला पाठवायचा होता त्या मित्राला तो पाठवला आणि झालेला प्रकारही सांगितला. मित्र पुरोगामी चळवळीतला. त्याचं उत्तर लगेच आलं, ‘सोड रे. संगीताला धर्म नसतो.’

तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात आहेत. आणि खरं सांगायचं तर या दोघांत मला बडेभाई जास्त बरोबर वाटतात. ते चर्चचंच आहे. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण त्यांना निदान काय गायलं जातंय ते ऐकू आलं. मित्राने मात्र न ऐकताच परवानगी देऊन टाकली. संगीताला धर्म नसतो हे वाक्य आपण फार सहज वापरतो. ते चांगल्या मनाने म्हटलेलं असतं, त्यामुळे त्याला कुणी हटकतही नाही. पण अमेरिकन कॉयरच्या बाबतीत तरी ते खोटं आहे. तिथे धर्म बाजूला काढला तर हातात जे उरतं ते गोड आवाज, त्यापलीकडे फारसं काही नाही.

त्या ‘आलेलुया’चीच गोष्ट घ्या. १९४० सालची. मॅसॅच्युसेट्स राज्यात टँगलवूड इथे बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक सर्ज कुसेवित्स्की एक संगीतशाळा सुरू करत होते. उद्घाटनाला सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून गावं असं काहीतरी जोशपूर्ण, उत्सवी त्यांना हवं होतं. हे काम त्यांनी रँडल थॉम्पसन या संगीतकाराला दिलं. पण जूनमध्ये पॅरिस पडलं होतं, फ्रान्सने शरणागती पत्करली होती. थॉम्पसनला उत्सवी काही सुचेना. जुलैच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याने जे लिहिलं ते संथ आणि उदास होतं. ८ जुलैच्या उद्घाटनाला छापील कागद जेमतेम पाऊण तास आधी पोचले आणि तेवढ्या वेळात बसवून मुलांनी ते गायलं. आज अमेरिकेत बहुधा असं कॉलेज नसेल जिथल्या कॉयरने ते कधी म्हटलेलं नाही. टँगलवूडला तर दर उन्हाळ्यात सत्राची सुरुवात त्यानेच होते.

आलेलुया हा मूळ हिब्रू शब्द. अर्थ, ईश्वराची स्तुती करा. आपल्या भाषेत हम्द. हा आनंदाचा शब्द इतका दुःखी कसा, असं थॉम्पसनला विचारलं जाई, तेव्हा तो बायबलमधल्या जोबचा हवाला देई. ज्याने दिलं त्यानेच नेलं, तरीही स्तुती त्याचीच. जोब म्हणजे आपले हजरत अय्यूब. ज्यांच्या सब्रची गोष्ट आपल्या घरोघरी आजारी माणसाच्या उशाशी बसून सांगितली जाते. आता सांगा, यातला धर्म बाजूला ठेवून हे गाणं कसं ऐकायचं? तो शब्द काय म्हणतो आणि सूर काय म्हणतात, यांच्यातल्या ताणावरच तर ते उभं आहे. शब्दाचा अर्थ माहीत नसलेल्याला ते सुंदर वाटेल. झोपताना लावायला बरं, असंही वाटेल.

मी काही या संगीताचा जाणकार नाही. नोटेशन मला वाचता येत नाही. माझी ओळख झाली ती आमच्या नगरमध्ये. अमेरिकेतले मिशनरी नगरला १८३१ साली आले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने इथे शाळा काढल्या, चर्च बांधली आणि आपल्या देशातली चार आवाजांत गाण्याची रीतही सोबत आणली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी इंग्रजी चालीत कोंबलेल्या मराठी शब्दांना कंटाळून अभंग-ओवीच्या वळणाची भजनं लिहिली. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे घर परिचयाचं आहे. माझ्या लहानपणी नाताळच्या आधी दोन-तीन आठवडे शाळेतून येताना चर्चच्या भिंतीपलीकडून सराव ऐकू यायचा. कधी तबला-पेटीवर भजन, कधी नुसते आवाज. नुसते आवाज असले की मी सायकल थांबवायचो. आत ये असं कुणी म्हटलं नाही आणि चालता हो असंही नाही. तिथे उभं राहण्यात काही चुकतंय का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तो नंतर पडला, मोबाइल आल्यावर.

आपल्याकडे समूहाने गाणं म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच चाल गाणं. वारकऱ्यांचं भजन असो की मिलादमधला सलाम, दहा माणसं असोत की हजार, सूर एकच. कॉयरमध्ये तसं नसतं. बायकांचे वरचे आवाज सोप्रानो, खालचे आल्टो. पुरुषांचे वरचे टेनर, खालचे बास. चौघांना चार वेगळ्या ओळी दिलेल्या असतात आणि त्या एकाच वेळी चालतात. आल्टोतल्या बाईने आपली ओळ घरी एकटीने म्हटली तर ऐकणाऱ्याला त्यात धड गाणंही सापडणार नाही. बाकीचे तिघे शेजारी उभे राहिले की तिला अर्थ येतो. लांब सूर असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारच्याचा घेऊन झाला की आपण घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर तुटल्याचं कळत नाही. श्वाससुद्धा पाळीपाळीने. मला तर हे तंत्र समजलं त्या दिवशी जमातच्या नमाजमधली खांद्याला खांदा लावलेली सफ आठवली. पण तुलना इथेच थांबवतो, ती ताणली की खोटी होते.

आणि हे गाणारे बहुतेक जण कलाकार नसतात. कोरस अमेरिका या संस्थेने २०१९मध्ये केलेल्या पाहणीनुसार तिथे साधारण सहा प्रौढांमागे एक जण कुठल्या ना कुठल्या कॉयरमध्ये गातो. शिक्षक, नर्स, निवृत्त पोस्टमन. बुधवारी संध्याकाळी सराव, रविवारी चर्च. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड या छोट्या गावी नॉर्वेहून आलेल्या लुथरन लोकांचं सेंट ओलाफ कॉलेज आहे. तिथे एफ. मेलियस क्रिश्चनसन या गृहस्थाने १९१२ साली कॉयर उभा केला, तो वाद्यांशिवाय गाण्याचा आणि सगळे आवाज एकजीव करण्याचा. अमेरिकेतल्या कॉलेज कॉयरचा जो तलम आवाज आपण आज रेकॉर्डिंगमध्ये ऐकतो त्याचं मोठं श्रेय या शेतकरी वस्तीतल्या कॉलेजकडे जातं.

याच्या अगदी उलट टोकाला दक्षिणेतलं ‘सेक्रेड हार्प’. नावात हार्प असली तरी वाद्य नाही. हे १८४४ साली जॉर्जियातल्या दोघांनी काढलेल्या गीतपुस्तकाचं नाव. त्यात सुरांना आकार दिलेत : फा त्रिकोणी, सोल अंडाकृती, ला चौकोनी, मी हिऱ्यासारखा. शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यालाही वाचता यावं म्हणून. चार आवाजांचे चार गट चौकोन करून, एकमेकांकडे तोंड करून बसतात. मधल्या रिकाम्या जागेत एक जण उभा राहून हाताने ताल देतो, गाणं संपलं की दुसरा येतो. श्रोत्यांसाठी खुर्च्या मांडायची मुळात कल्पनाच नाही, कारण सगळे गाणारे. आणि गातात कसे? छाती फुटेस्तोवर. गोडवा वगैरे शोधू नका. लोकसंगीताचा संग्राहक अॅलन लोमॅक्स १९५९ साली स्टिरिओ यंत्र घेऊन अलाबामातल्या फाइफ गावी अशा मेळाव्याला गेला. ती रेकॉर्डिंग आज सहज मिळतात. हेडफोन लावून ऐकली की पहिल्या मिनिटात वाटतं, भांडण चाललंय. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला माणूस जागेवरून हलत नाही.

वाद्याशिवाय गाण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या वाचकांना एक किस्सा सांगायलाच हवा. वाद्य जायज की नाजायज हा वाद फक्त आपल्याच घरात आहे असं आपल्याला वाटतं. दफ चालेल, पेटी नको, नात चालेल पण मागे म्युझिक नको, हे आपण जन्मभर ऐकत आलो. केंटकी राज्यात मिडवे नावाचं गाव आहे. १८६०च्या सुमारास तिथल्या चर्चमध्ये मेलोडियन आणला गेला. मेलोडियन म्हणजे आपल्या पेटीची मोठी बहीणच. नव्या करारात वाद्यांना आज्ञा नाही, म्हणून मंडळीतले काही जण भडकले. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्याने रात्री आपल्या गुलामाला खिडकीतून आत उतरवलं आणि तो मेलोडियन पळवला. पुढे या आणि अशा वादांतून पंथाचे दोन तुकडे झाले. ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ म्हणवणाऱ्या हजारो मंडळ्या आजही उपासनेत केवळ कंठाने गातात आणि त्यांच्यातून तयार झालेले आवाज ऐकण्यासारखे आहेत.

हा किस्सा मी मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात. मला मात्र त्यातला गुलाम विसरता येत नाही. पेटीचं पाप ज्याला सहन झालं नाही, त्याला माणूस बाळगण्याचं पाप रात्रीची झोप घालवण्याइतकं वाटलं नव्हतं. दीनदार लोकांची नजर कुठे बारीक होते आणि कुठे मिटते, याचा विचार आपणही अधूनमधून करायला हरकत नाही.

त्या गुलामांच्या मुलाबाळांनीच पुढे अमेरिकेला सर्वांत मोठं कॉयर संगीत दिलं. नॅशव्हिलमध्ये मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८६६ साली फिस्क नावाची शाळा निघाली. पाच वर्षांत ती बुडायच्या बेताला आली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी पैसे जमवायला बाहेर पडला. बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. हॉटेलवाले खोली देत नसत. हेच फिस्क ज्युबिली सिंगर्स. १८७३ साली ते इंग्लंडच्या राणीपुढे गायले आणि त्यांच्या कमाईतून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत आजही फिस्कमध्ये आहे.

सुरुवातीला ते आपल्या आईबापांची गाणी, ज्यांना आज स्पिरिच्युअल्स म्हणतात, लोकांपुढे गायला तयार नव्हते. त्यांच्यातली पियानो वाजवणारी एला शेपर्ड हिने पुढे लिहून ठेवलंय की ती गाणी गुलामीच्या काळोखाशी जोडलेली होती आणि वडीलधाऱ्यांसाठी पवित्र होती, परक्यांसमोर वापरण्याचा विचारही त्यांनी केला नव्हता. ती आपसात, दार लावून म्हटली जात. पुढे हळूहळू कार्यक्रमात आली आणि गोऱ्या श्रोत्यांना तीच हवीशी झाली.

मला वाटतं, रेकॉर्ड केलेल्या कॉयरचा सगळा प्रश्न या दार लावलेल्या खोलीत आहे. ग्रामोफोन यायच्या आधीच तो उभा राहिला होता. जे आतलं होतं ते बाहेर आलं. त्यामुळे शाळा वाचली, जगाला एक संगीत कळलं. आणि त्याच वेळी एका समाजाची दुआ हा दुसऱ्या समाजाचा संध्याकाळचा कार्यक्रम झाला. दोन्ही खरं. १९०९ साली जॉन वर्क यांच्या नेतृत्वाखाली फिस्कच्या चौघा पुरुषांनी व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्ड केल्या. त्या मी ऐकल्यात. खरखर इतकी की जणू शेजारी कुणी कांदे तळतंय. पण त्या खरखरीमागून येणारे आवाज फार सभ्य, फार सांभाळलेले आहेत. पाहुण्यांसमोर ठेवणीतले कपडे घालून बसल्यासारखे. आईबाप हे असंच गात असतील का? नसावेत. पुढे गोऱ्या कॉयरनीही ही गाणी उचलली. रॉबर्ट शॉ यांच्या कोराल या मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती चकचकीत, निर्दोष आहेत. शॉ मोठा माणूस. १९४१ साली त्याने कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांचा एकत्र कॉयर उभा केला, जेव्हा ते सोपं नव्हतं. तरीही ही गाणी मी त्याच्याकडून ऐकत नाही. मोझेस होगन या न्यू ऑर्लिन्सच्या, २००३ साली अकाली गेलेल्या संगीतकाराच्या बांधणीत ऐकतो. तिथे शिस्तही आहे आणि खोलीचं दार किलकिलं राहिल्याचा भासही.

आता एका मोहाबद्दल लिहितो. हा विषय काढला की आपल्यातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘अरे, ते मूळचं आपलंच आहे!’ याला थोडा आधार आहे. पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेल्यांत मुसलमान होतेच. नॉर्थ कॅरोलिनात गुलामीत आयुष्य गेलेल्या उमर इब्न सईद यांनी १८३१ साली अरबीत आत्मचरित्र लिहिलं आणि त्याची सुरुवात सूरह मुल्कने केली. जॉर्जियातल्या सापेलो बेटावर बिलाली नावाचे एक गृहस्थ होते. १९३०च्या दशकात त्यांच्या वंशजांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा माळ घेऊन नमाज पढणारे पूर्वज त्यांना आठवत होते. त्याच किनारपट्टीवर ‘रिंग शाउट’ नावाचा उपासनेचा प्रकार आहे. टाळ्या, गाणं आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरणं. लॉरेन्झो डाउ टर्नर या भाषातज्ज्ञाने असा अंदाज मांडला की यातला ‘शाउट’ हा ओरडण्यासाठीचा इंग्रजी शब्द नसून अरबी ‘शौत’ असावा. काबाभोवतीच्या तवाफमधली एक फेरी म्हणजे शौत. आणि तवाफही त्याच दिशेने होतो.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. आफ्रिकेतल्या गैरमुस्लिम जमातींतही गोल फिरून नाचण्याच्या परंपरा होत्या. मला हे खरं असायला हवंय, म्हणूनच मी त्याच्यावर जरा कमी विश्वास ठेवतो. आणि समजा उद्या सिद्ध झालं, तरी गेली दीडशे-दोनशे वर्षं तिथल्या लोकांनी त्यात येशूचं नाव घेतलंय. तो त्यांचा ईमान आहे. कुणाच्या तरी इबादतीखालची जमीन उकरून ‘बघा, खाली आमचंच आहे’ म्हणणं किती लागतं, हे या देशात आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? एखादी गोष्ट आवडायला ती आपली असावीच लागते असं नाही.

रेकॉर्डिंगने माझ्यासारख्याची सोय नेमकी इथे केली. प्रत्यक्ष चर्चमध्ये गेलो असतो तर कधी उभं राहायचं, कधी डोकं झुकवायचं, तोंडाने काय म्हणायचं आणि काय नाही, हे सगळं आलं असतं. यजमानांनाही अवघडल्यासारखं झालं असतं. हेडफोनमध्ये मला दाराजवळची जागा मिळते. मी त्यांच्यातला आहे असं नाटक करावं लागत नाही आणि ते त्यांच्या देवाला सोडून माझ्यासाठी गातायत असाही भ्रम होत नाही. इमाम गजालींनी ‘इह्या’मध्ये समावर, म्हणजे ऐकण्यावर, एक पूर्ण भाग लिहिलाय. त्यात त्यांचा रोख असा की गाणं मनात नवं काही घालत नाही, मुळात जे आहे तेच ढवळून वर आणतं. आपल्या उलेमांत या विषयावर मतभेद आहेत आणि ते मिटवायची माझी लायकी नाही. माझ्यापुरतं सांगतो, ‘आलेलुया’ ऐकून माझ्या मनात वर आले ते अय्यूबच.

दाराजवळ बसणारा आला की आतल्यांनाही त्रास होतो, हेही लक्षात ठेवायला हवं. एडविन हॉकिन्स या तरुणाने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये एका चर्चात आपल्या युवा कॉयरचं गाणं रेकॉर्ड केलं. चर्चच्या एका युवा मेळाव्याला जायचा खर्च निघावा म्हणून जेमतेम पाचशे रेकॉर्ड काढल्या होत्या. त्यातलं ‘ओ हॅपी डे’ एका रेडिओवाल्याच्या हाती लागलं आणि १९६९ साली ते जगभर वाजलं. दारूच्या गुत्त्यांतही वाजलं. त्याच्याच मंडळीतल्या अनेकांना हे मुळीच रुचलं नाही. म्हणजे बडेभाईंसारखी माणसं भिंतीच्या त्या बाजूलाही असतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसतं.

तंत्राच्या अंगाने पाहिलं तर कॉयर रेकॉर्ड करणं ही फार काळ डोकेदुखीच होती. युटातल्या मॉर्मन टॅबरनॅकल कॉयरची पहिली रेकॉर्डिंग १९१० सालची. शेकडो माणसांचा आवाज पकडायला तेव्हा कर्णेच होते. १५ जुलै १९२९ रोजी त्यांचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मायक्रोफोन एकच. ऑर्गनवादकाचा किशोरवयीन मुलगा शिडीवर चढून त्यातच बोलला. तो साप्ताहिक कार्यक्रम आजतागायत चालू आहे आणि ३६० गायक बिनपगारी गातात. एवढी निष्ठा मला थक्क करते. आवाज मात्र मला जरा जास्तच मखमली वाटतो. आवड ज्याची त्याची.

मग आलं २०२०. त्या वर्षी १० मार्चला वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली कोराल या हौशी कॉयरचे ६१ जण नेहमीप्रमाणे सरावाला जमले. अडीच तास गायले. त्यांच्यातल्या ५३ जणांना कोरोना झाला, ३३ जणांचा चाचणीने निश्चित, २० जणांचा लक्षणांवरून. दोघे दगावले. जे मी वर कौतुकाने लिहिलं, श्वास वाटून घेणं, तेच नेमकं घातक ठरलं होतं. आरोग्य खात्याने त्यांना शांतपणे विचारलं, कोण कुठे बसलं होतं, खुर्च्या कुणी उचलल्या, संत्री कुठे ठेवली होती. त्या उत्तरांतून विषाणू हवेतून कसा पसरतो हे शास्त्रज्ञांना कळायला मदत झाली.

त्याच मार्च महिन्यात दिल्लीतल्या मरकजमध्येही माणसं जमली होती. पुढे काय झालं ते तुम्हाला आठवतंय. आमच्या नगर जिल्ह्यात मशिदींतून उतरलेल्या परदेशी तबलिगी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचं नोंदवलं. तोवर गल्लीतल्या भाजीवाल्याने जे भोगायचं ते भोगून झालं होतं. दोन्हीकडे माणसं इबादतीच्या किंवा गाण्याच्या ओढीने जमली होती आणि दोन्हीकडे नकळत आजार पसरला होता. एका ठिकाणी लोकांना प्रश्न विचारले गेले, दुसऱ्या ठिकाणी कलमं लावली गेली. स्कॅजिटचा अहवाल मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्याचा शांत सूर मला हेव्याने भरून टाकतो.

त्या वर्षीच्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या. तरावीह आम्ही घरात, दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सरकवून पढलो. अमेरिकेतल्या चर्चनाही कुलूप होतं. एरिक व्हिटाकर या संगीतकाराने २०१०मध्येच ‘व्हर्च्युअल कॉयर’ नावाचा प्रयोग केला होता. १२ देशांतल्या १८५ जणांनी आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर आपापली ओळ गायली आणि ते सगळे तुकडे जोडून एक गाणं केलं. टाळेबंदीत त्याने पुन्हा हाक दिली तेव्हा १२९ देशांतून १७,५७२ माणसांनी व्हिडिओ पाठवले. पडद्यावर इतके चेहरे की प्रत्येक जण ठिपक्याएवढा. बरेच जाणकार या प्रकाराला नाकं मुरडतात. एकमेकांचा श्वास न ऐकता गायलेलं ते कॉयर कसलं, असं म्हणतात. तत्त्वतः मला ते पटतं. पण त्या वर्षी रात्री गच्चीवर बसून ते ऐकताना मला रडू आलं होतं, हेही इथे नोंदवून ठेवतो. प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा, कानात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज, आणि आपण गातोय तो भाग एकट्याने पूर्ण होत नाही हे प्रत्येकाला माहीत. आमच्या दिवाणखान्यातल्या तीन माणसांच्या सफेचीही वेगळी गत नव्हती.

बडेभाईंशी नंतर ईदला भेट झाली. शीरखुर्मा खाताना त्यांनी स्वतःच विषय काढला, ‘वो लोगां क्या बोल रहे थे रे, एकच लफ्ज?’ मी अर्थ सांगितला. अय्यूबची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ वाटीत चमचा फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘ग्रुप पे मत डाल. मेरे नंबर पे भेज.’

तुम्हालाही ऐकायचं असेल तर थॉम्पसनच्या ‘आलेलुया’पासून सुरुवात करा. कुठल्याही चांगल्या कॉलेज कॉयरचं चालेल, सहा-सात मिनिटांचं आहे. मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालचे बास आवाज त्यात ऐकूच येत नाहीत. सुरुवात इतकी हळू आहे की आवाज वाढवायचा मोह होईल, वाढवू नका, पुढे तो आपसूक चढतो. सबंध गाण्यात एकच शब्द ऐकल्यावर शेवटी दुसरा येतो. तो अर्थ न सांगताही तुम्हाला कळेल. ते त्याला आमेन म्हणतात.